चार सिलिंडर, आठ प्लग

प्रश्न : वडिलांची 2001 ची होंडा सिटी व्हीटेक (वेग वाढला की झडपा जास्त उघडून जोर देणारं होंडाचं इंजिन) दारात उभी आहे. मुलगी म्हणते, विका आणि नवी सिटी घ्या. मित्र म्हणतात, नवीत ती मजा नाही. काय करावं? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : मित्रांचं निम्मं खरं. ताकदीत नवीच पुढे. तुमच्या गाडीची अश्वशक्ती 106, 2020 मध्ये आलेल्या सिटीची 121, वर सहा गिअर. पण तुमची अंगानं हलकी आणि बुटकी. कात्रजच्या जुन्या घाटात दुसऱ्या गिअरला वळण घेतलं की समजतं.

खरी पलटी 2003 ला बसली. व्हीटेकवाल्यांसमोर थेट 77 अश्वशक्तीची सिटी आली. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटांखाली सरकवल्यामुळे मागे ऐसपैस जागा झाली, गाडीही उंच झाली. तरणी पोरं हिरमुसली, घरच्या मंडळींना मात्र ती फार आवडली. तिच्या इंजिनात दर सिलिंडरला एकाऐवजी दोन स्पार्क प्लग. एक काका माझ्याकडे बिल घेऊन भांडायला आले, "चार सिलिंडरला आठ प्लग? मला शिकवता का?" बॉनेट उघडून एकेक मोजून दाखवला. आठव्यापर्यंत गप्प होते, मग म्हणाले, "पण सगळे बदलायलाच हवे होते का?"

पुढे व्हीटेक परत आलं. 2008 च्या तिसऱ्या पिढीला 118 अश्वशक्ती, दिसायलाही देखणी. मला विचाराल तर सगळ्यांत जमून आलेली तीच. 2014 ला डिझेल आलं; ते किफायतशीर, बाकी विशेष नाही.

आता तुमचं. तुमच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट (झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारा रबरी पट्टा) आहे, 2003 नंतरच्या पेट्रोल सिट्यांना चेन. बेल्ट शेवटचा कधी बदलला हे आठवत नसेल तर आधी तो बदला. चालता चालता तुटला तर रस्त्यातच बसाल. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बघून घ्या. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या रबराला ते मानवत नाही.

नवी घ्यायची तर पार्किंगला टेप लावा. तुमची सव्वाचार मीटरच्या आसपास, ती साडेचारच्या वर. सोसायटीतला खांब काही मागे सरकणार नाही. मुलीची बाजूही लंगडी नाही, नवीला सहा एअरबॅग आहेत.

एखाद्या रविवारी पहाटे जुनी घाटात न्या आणि स्टिअरिंग मुलीच्या हाती द्या. मात्र बेल्ट बदलल्यावर.