प्रशिक्षकाचा राजीनामा घेऊन संस्थेची जबाबदारी संपते का?

आपण तालुक्याच्या गावातील एका क्रीडा मंडळाचे सचिव आहात. मंडळाचा कबड्डी प्रशिक्षक १३ वर्षांच्या मुलीला रात्री अश्लील संदेश पाठवतो, असे तिच्या आईने आपणांस सांगितले, मोबाइलवर ते दाखवलेही. मात्र बदनामीच्या भीतीने पोलिसांत न जाण्याची विनवणी केली. अंतर्गत चौकशी करून राजीनामा घ्यावा, असे विश्वस्तांचे मत आहे, आणि ते पुरेसे आहे का, असे आपण विचारले आहे.

ते पुरेसे नाही. पॉक्सो अधिनियम, २०१२ (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) च्या कलम १९ नुसार अशा अपराधाची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती विशेष बाल पोलिस पथकास किंवा स्थानिक पोलिसांस कळवलीच पाहिजे; त्यासाठी आईची संमती वा लेखी तक्रार आवश्यक नाही. हाताखालील व्यक्तीने केलेला अपराध संस्थाप्रमुखाने न कळवल्यास कलम २१(२) नुसार १ वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहातील मुलींवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला. प्रशिक्षक अब्रुनुकसानीची धमकी देत असेल, तर कलम १९(७) लक्षात ठेवा: सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

चौकशीच्या नावाखाली त्या मुलीला विश्वस्तांसमोर बसवून तेच तेच प्रश्न विचारू नका. कलम २४ नुसार पोलिस तिचा जबाब घरी किंवा तिच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्यामार्फत, गणवेशाविना घेतात, आणि तिची ओळख प्रसिद्ध करण्यास प्रसारमाध्यमांनाही मनाई आहे. आईला हे नीट समजावून सांगितल्यास तिची निम्मी भीती ओसरेल, असे मला वाटते. संदेश पुसू नयेत, एवढे तिला आजच सांगा.

पोलिसांना लेखी कळवून पोच घ्या आणि प्रशिक्षकाला तत्काळ मैदानापासून दूर ठेवा. त्याने राजीनामा दिलाच, तर ‘वर्तणूक चांगली’ असे अनुभव प्रमाणपत्र देऊ नका. तोच कागद दाखवून तो उद्या दुसऱ्या संस्थेत मुलांसमोर उभा राहील.

पॉक्सो नियम, २०२० मधील नियम ३ नुसार मुलांच्या नियमित संपर्कातील संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची असते; क्रीडा प्रबोधिनींचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या पत्रात या पडताळणीचा उल्लेख नाही. ती झाली नसेल, तर पोलिसांना तसे खरे सांगा आणि मागील तारखेचा कोणताही कागद तयार करू नका.