जगातली फारशी माहीत नसलेली, वेगळी ठिकाणं शोधायची कशी?

‘टॉप टेन’ याद्या बाजूला ठेवा, त्यात सगळीकडे तीच ठिकाणं फिरवलेली असतात. मी आधी युनेस्कोची संभाव्य यादी उघडतो. जागतिक वारशासाठी देशांनी सुचवलेली, पण अजून दर्जा न मिळालेली ठिकाणं तिथे देशवार सापडतात. गर्दी बहुतेक वेळा दर्जा मिळाल्यावर येते.

दुसरी यादी युनेस्कोचीच, अमूर्त वारशाची, म्हणजे वास्तूंची नाही तर परंपरा, कला आणि कौशल्यांची, आणि माझ्या मते खरा खजिना हाच. पेरूमधला केस्वाचाका पूल मला तिथेच सापडला. अपुरिमाक नदीवरचा सुमारे 30 मीटर लांबीचा हा झुलता पूल चक्क गवताचा आहे! आसपासच्या गावांचे लोक दरवर्षी जूनमध्ये एकत्र जमतात, गवत वळून दोर करतात, जुना पूल नदीत सोडून देतात आणि तीन दिवसांत नवा विणतात. ही पद्धत तिथल्या जुन्या इंका साम्राज्याच्या काळापासूनची. 2013 मध्ये युनेस्कोने तिची नोंद घेतली. म्हणजे इथे ‘कुठे’इतकंच ‘कधी’ही महत्त्वाचं.

अ‍ॅटलास ऑब्स्क्युरा ही वेबसाइटही चाळा. विचित्र जागांचा साठा प्रचंड आहे, फक्त वेळ कसा जातो ते कळत नाही. शोधताना ठिकाणाचं नाव स्थानिक लिपीत टाकलंत तर इंग्रजीत न आलेले फोटो आणि नकाशे मिळतात.

तिकिटं काढण्याआधी जागा सध्या खुली आहे का, एवढं मात्र तपासा. अशा ठिकाणी कधीकधी फाटकावर कुलूपच भेटतं.