‘कैद्यांसाठीची चळवळ’ की ‘कैद्यांनी उभारलेली चळवळ’?

एका भाषांतरकर्तीचा प्रश्न असा आहे: तुरुंगांतील परिस्थिती सुधारावी आणि मानवी हक्क पाळले जावेत यासाठी कैदी स्वतःच संघटित होतात, त्याला इंग्रजीत ‘प्रिझनर-लेड ऑर्गनायझिंग’ म्हणतात. त्यासाठी तिने ‘कैदी-नेतृत्वाखालील संघटन’ असे लिहिले होते, पण संपादकांनी ते बोजड ठरवून ‘कैद्यांसाठीची चळवळ’ असे केले. यांपैकी कोणते योग्य?

माझ्या मते ‘कैद्यांनी उभारलेली चळवळ’ असे लिहावे. पहिला प्रयोग बोजड आहे हे संपादकांचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु त्यांनी केलेला बदल मात्र मूळ अर्थच काढून टाकतो. ‘साठी’ हे शब्दयोगी अव्यय लागले की काम करणारा कोणी दुसराच असतो आणि कैदी त्या कामाचा लाभार्थी होतो. बाहेरच्या माणसांनी कैद्यांसाठी केलेले कामही मोलाचे असते, पण प्रस्तुत शब्दप्रयोगाचा सारा भर काम कोणी उभे केले यावर आहे आणि तो भर दाखवायला मराठीत तृतीयेचा साधा ‘नी’ पुरेसा आहे: कैद्यांनी प्रतिनिधी निवडले, कैद्यांनी मागण्या मांडल्या, कैद्यांनी संप पुकारला.

‘नेतृत्वाखालील’ हा शब्द व्याकरणाने शुद्ध असला तरी येथे तो चुकीचे चित्र उभे करतो. ‘अमुक यांच्या नेतृत्वाखाली’ म्हटले की पुढे नावाजलेला एक पुढारी आणि मागे त्याचे अनुयायी असे आपण गृहीत धरतो. तुरुंगात पुढारी ओळखू आला की त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवता येते किंवा एकांत कोठडीत टाकता येते, त्यामुळे एका नावाभोवती उभे राहणे तिथे धोक्याचे असते. ९ सप्टेंबर १९७१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ॲटिका तुरुंगाचा मोठा भाग कैद्यांच्या ताब्यात गेला, तेव्हा त्यांनी विभागवार प्रतिनिधी निवडले, वाटाघाटींसाठी बाहेरून निरीक्षक बोलावले आणि उघड्या पटांगणात सगळ्यांसमोर चर्चा केली. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सुमारे ३०,००० कैद्यांनी जेवण नाकारले, त्या उपोषणाची हाक तर एकांत कोठड्यांत डांबलेल्या माणसांनी दिली होती. ‘कैदीप्रणीत’ हा सुटसुटीत पर्याय कोणाला सुचेल, पण वृत्तपत्रांनी ‘पक्षप्रणीत संघटना’ असे लिहून लिहून ‘प्रणीत’ला ‘मागे राहून सूत्रे हलवणारा’ अशी छटा आणली आहे, म्हणून तोही टाळावा.

आता ‘संघटन’ आणि ‘संघटना’. हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण या विषयात त्यांतला भेद जपायलाच हवा. संघटना ही संस्था आहे आणि संघटन ही क्रिया आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७४ मध्ये कैद्यांनी आपली कामगार संघटना रीतसर नोंदवली आणि थोड्याच काळात तिचे सुमारे २,००० सभासद झाले. तुरुंग प्रशासनाने सभासद होण्यास मनाई केली नाही, मात्र सभा घेणे, इतरांना सभासद होण्याचे आवाहन करणे आणि संघटनेची पत्रके टपालाने एकगठ्ठा मागवून वाटणे यांवर बंदी घातली. १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी वैध ठरवली. म्हणजे सभासद होता येत होते, पण कोणाला सभासद करता येत नव्हते. संघटनेला हरकत नव्हती आणि संघटनाला होती. एका कान्याचे अंतर असलेल्या या दोन शब्दांत त्या खटल्याचे मर्म येते, आणि भाषांतरात दोन्हीकडे ‘संघटना’च लिहिले तर वाचकाला निकालाचा अर्थच लागणार नाही.

कर्ता झाकणाऱ्या क्रियापदांबाबतही सावध राहावे. ॲटिकात कैद्यांनी तुरुंगाचे रक्षक व कर्मचारी ओलीस धरले होते, आणि तिथल्या वृत्तांतांत ‘ओलीस मारले गेले’ असे वाक्य हमखास येते. १३ सप्टेंबरला राज्याच्या सशस्त्र दलांनी गोळीबार करून तुरुंग परत घेतला, त्यात २९ कैदी आणि १० ओलीस मृत्युमुखी पडले. कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले, असे अधिकाऱ्यांनी आधी सांगितले आणि वृत्तपत्रांनी ते छापलेही. शवविच्छेदनात मात्र सगळे ओलीस गोळ्या लागून मेल्याचे आढळले आणि बंदुका कैद्यांकडे नव्हत्याच. ‘मारले गेले’ या रचनेत कर्त्याची जागा मोकळी राहते आणि वाचक ती आपल्या पूर्वग्रहाने भरतो. म्हणून येथे ‘राज्याच्या दलांच्या गोळीबारात ओलीस मेले’ असे सरळ लिहावे. ‘दंगल’ आणि ‘उठाव’ यांतून निवडतानाही मी ‘उठाव’ घेईन, कारण ज्यांनी लेखी मागण्या देऊन वाटाघाटी केल्या त्यांच्या कृतीला ‘दंगल’ हा शब्द पुरत नाही.

कैद्याला काय म्हणावे, हा पुढचा प्रश्न. ‘गुन्हेगार’ तर मुळीच नको, कारण तुरुंगात कच्चे कैदीही असतात आणि त्यांच्यावरील आरोप अजून सिद्ध झालेला नसतो. ‘बंदी’ हा प्रशासनाचा शब्द आहे, परंतु त्याचा ‘मनाई’ हाही अर्थ असल्याने ‘बंदी संघटना’ वाचताना माणूस अडखळतो. राहतो ‘कैदी’, आणि तोच घ्यावा. अरबी ‘कैद’ म्हणजे बंधन, बेडी. ‘तुरुंग’ हा शब्द पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आला असे मानतात, आणि त्याचा मूळ अर्थ झाडाचे खोड व त्यावरून पाय अडकवण्याचे लाकूड असा आहे, जसा आपल्याकडे खोडावरून ‘खोडा’ झाला. हे सगळेच शब्द माणसाला बांधलेल्या अवस्थेत पकडतात, म्हणून त्यांना कर्त्याच्या जागी बसवताना आपली लेखणी बिचकते असे मला वाटते.

‘मागणी’ जिथे आहे तिथे ‘विनंती’ किंवा ‘याचना’ करू नये. तिहारमधील कैदी सुनील बत्रा यांनी दुसऱ्या एका कैद्याच्या छळाविषयी लिहिलेले पत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि १९७९ च्या निकालात कैद्यांचे मूलभूत हक्क तुरुंगाच्या दाराशी संपत नाहीत ही भूमिका घेतली. तिथे ‘याचिका’ ही न्यायालयाची संज्ञा आहे आणि ती तशीच ठेवावी. ॲटिकाच्या जाहीरनाम्यात मात्र ‘मागण्या’च आहेत.

शेवटी सर्वनामाविषयी. ॲटिकाच्या कैद्यांनी आपण माणसे आहोत, जनावरे नाही, असे जाहीर केले होते. त्या वाक्याचे भाषांतर ‘ते माणसे आहेत, असे त्यांनी म्हटले’ असे केले की बोलणारा दूर जातो. ‘आपण’ वापरले तर ऐकणाराही त्यात सामावतो, आणि इथे तर ऐकणाऱ्यालाच बजावायचे आहे. त्याला बाहेर ठेवणारे ‘आम्ही’ मराठीत आहे, आणि ‘की’नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवण्याची आपली जुनी रीतही आहे, तेव्हा बिनदिक्कत लिहावे: कैदी म्हणाले की आम्ही माणसे आहोत.