घरी चार निमाडी गायी उरल्यात, जात टिकवायची तर काय करावं?

तुम्ही विचारलंय की शिरपूरजवळ वडिलांकडे चार निमाडी गायी उरल्या आहेत, गावात वळू नाही आणि तुम्ही नोकरीमुळे बाहेर. गिरचं रेतन करून दूध वाढवावं, गोशाळेत द्याव्या, की आहेत तशाच ठेवाव्या?

मी चोपड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी निमाडीच सांभाळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ठेवा, आणि सगळ्यात आधी वळू शोधा. आपल्याकडे गायीची काळजी करणारे खूप भेटतात, वळूची कोणीच करत नाही, आणि जात तिथेच संपते.

निमाडी मुळात बैलासाठी सांभाळलेली जात. तांबूस अंगावर पांढरे डाग, गिरसारखं पुढे आलेलं कपाळ, चाल आणि काटकपणा मात्र खिलारचा. गिर आणि खिलार यांच्या संकरातून ती खरगोन-बडवानीकडे घडली असं मानतात. सातपुड्याच्या अलीकडे रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात तिचे बैल पूर्वीपासून नावाजलेले. आता गंमत नव्हे, दुःखच म्हणायचं, पण बैलाचं हे नावच जातीच्या मुळावर आलं. गावात गोऱ्हे वाढले की सगळ्यात उंच, सरळ पाठीचा, घट्ट खुराचा गोऱ्हा आधी बडवला (खच्ची केला) जातो, कारण त्याच्या जोडीला बाजारात पैसे जास्त येतात. कमी प्रतीचा राहिलेला गोऱ्हा मोकळा फिरतो आणि गावातल्या गायी तोच फळवतो. पूर्वी देवाला सोडलेला वळू असायचा. चांगला गोऱ्हा बघूनच तो सोडायचे आणि अख्खं गाव त्याला पोसायचं. आज तो केळीच्या बागेत शिरला तर ठिबकच्या नळ्या तुडवतो, घड लागलेलं झाड पाडतो. ज्याचं नुकसान होतं त्याने काठी उगारली तर त्याला तरी दोष कसा द्यायचा? त्यात ट्रॅक्टर आले, आणि 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक राहिलं नाही, त्यामुळे गोऱ्हा वाढवायला लोक आणखी कचरतात.

बरं, एक चांगला वळू मिळाला म्हणून भागत नाही. पैदाशीच्या शास्त्रात एक साधा हिशेब आहे. वळूंची संख्या, गायींची संख्या आणि 4 यांचा गुणाकार करायचा, आणि त्याला वळू अधिक गायी या बेरजेने भागायचं. 50 गायींमागे 1 वळू असेल तर उत्तर येतं जेमतेम 4. म्हणजे गोठ्यात 51 जनावरं दिसतात, पण रक्ताच्या दृष्टीने ती चारच. त्याच 50 गायींना 5 वळू दिले तर 18 आणि 10 दिले तर 33. जागतिक अन्न व कृषी संघटना हा आकडा निदान 50 असावा असं सांगते. हे एका घराच्या आवाक्यातलं नाही हे उघड आहे. म्हणून सात-आठ घरांनी मिळून वेगवेगळ्या दावणीचे वळू ठेवायचे आणि ते आपसात फिरवायचे, एवढाच मार्ग उरतो. वळूच्या पहिल्या कालवडी माजावर येण्याच्या आत तो दुसऱ्या गावी गेलाच पाहिजे. नाहीतर बाप लेकीला लागतो, मग वासरं मरतुकडी निपजतात, गायी उलटायला लागतात, म्हणजे गाभण राहत नाहीत, आणि लोक म्हणतात, ही जातच निकामी.

गिरबद्दल. गिर उत्तम गाय आहे, तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण निमाडीला गिर भरवली की पहिल्या पिढीत निमाडी रक्त निम्मं राहतं, दुसरीत चौथाई, तिसरीत आठवा हिस्सा. आणि निमाडीचं कपाळ आधीच गिरच्या वळणाचं असल्यामुळे ते वासरू निमाडी म्हणूनच खपून जातं. जर्सीचा संकर लांबून ओळखू येतो, हा येत नाही. आपल्या पट्ट्यात निमाडी अशीच कोणाच्या लक्षात न येता विरघळत चालली आहे. दूध हवंच असेल तर गिरची गाय वेगळी घ्या, या चार गायींना हात लावू नका.

वडिलांना कोणी विचारेल, दोन-तीन लिटर दुधाच्या गायी कशाला पोसता? विचारणाऱ्याला मे महिन्यात दुपारी गोठ्यावर बोलवा. पारा 44-45 वर असतो. शेजारच्या शेडमध्ये पंखा आणि फवारे लावूनही होल्स्टीन तोंड उघडून धापा टाकते, लाळ गळत असते. निमाडी निंबाच्या सावलीत रवंथ करत बसलेली दिसते. आखूड चमकदार केस, गळ्याखालची लोंबती पोळी, घाम काढणाऱ्या मोठ्या ग्रंथी, यामुळे तिचं अंग लवकर निवतं. आणि खरं सांगायचं तर ती दूध कमी देते म्हणूनही तिच्या अंगात उष्णता कमी तयार होते. हे दोन्ही एकत्रच येतं, त्यातलं एक तोडून घेता येत नाही. मग कानाच्या आत आणि जांघेत हात फिरवून बघा. संकरित गायीच्या जांघेत गोचीड बोटांना दाट लागतात, निमाडीला शोधावे लागतात. माशी बसली की खांद्याची तेवढीच कातडी थरथरते आणि माशी उडते. गोचीड तापाने संकरित गायी पटापट जातात, गावरान बहुधा तग धरतात. मात्र तिला काहीच होत नाही, या भ्रमात राहू नका. 2022 च्या लम्पी साथीची राज्यातली पहिली नोंद ऑगस्टमध्ये आपल्याच रावेर तालुक्यात, चिनावलला झाली आणि त्या साथीत गावरान गुरंही दगावली. लसी चुकवू नका. चार गायी झाल्या सहा, तर त्यातल्या दोन दुसऱ्या गावी नातेवाईकांकडे ठेवा.

गोशाळेत गायीचा जीव वाचतो, आणि 2024 पासून राज्य सरकार गोशाळांना देशी गायीमागे दिवसाला 50 रुपये देतं हेही चांगलंच आहे. पण बहुतेक ठिकाणी सगळ्या जाती एकत्र असतात आणि कोणतं वासरू कोणाचं, याची नोंद नसते. तुमच्या गायी तिथे जगतील, त्यांची पैदास मात्र थांबली असं समजा.

वळूसाठी दोन वाटा आहेत. संक्रांतीच्या सुमारास खरगोनला नवग्रह मेळा भरतो, तिथे निमाडी जनावरं येतात. आणि सातपुड्यातल्या पावरा आदिवासींच्या पाड्यांवर फिरा. उतारावरच्या खडकाळ शेतात अजून बैलच चालतो, त्यामुळे चांगलं रक्त तिथे टिकून आहे. न बडवलेला गोऱ्हा लहानपणीच हेरा आणि मालकाला आगाऊ पैसे द्या, नाहीतर तो बैल होऊनच तुमच्या हाती येईल. वळू मिळेपर्यंत गाय माजावर आली तर पशुवैद्यकाला सांगून भोपाळच्या भदभदा रेत केंद्रातल्या निमाडी रेतमात्रा मिळतात का ते बघा.

गायींच्या कानात 12 अंकी बिल्ला नसेल तर मारून घ्या. आणि पुढच्या सुट्टीत घरी गेलात की वडिलांजवळ वही घेऊन बसा. या चार गायींच्या आया कोण, त्या कोणाच्या दावणीवरून आल्या, कोणत्या गावच्या वळूपासून झाल्या, त्यातल्या दोघी बहिणी आहेत का, हे सगळं विचारून लिहून घ्या. ते कळल्याशिवाय कोणता वळू चालेल हे ठरवता येणार नाही.