इकोमधलं पदव्युत्तर शिक्षण: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल, म्हणजे इकोबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ओघच सुरू झाला. रुग्णांची पत्रं पुढच्या वेळी घेते. आज या क्षेत्रात पुढे शिकू पाहणाऱ्यांची. बरीच वर्षं मी स्वतः इको केले, आता पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवते. उत्तरांत मास्तरीणबाईंचा खडूसपणा डोकावला तर चालवून घ्या.

प्रश्न: मी कार्डिॲक टेक्नॉलॉजीत पदवी घेतली आहे आणि काही वर्षं रोज इको करते. हात चांगला बसलाय, डॉक्टर माझ्या इमेजेसवर खूश असतात. मला एम.एस्सी. करायचंय, पण आमचे सीनिअर म्हणतात, ‘प्रोब धरायला डिग्री लागत नाही, वर्षं फुकट जातील.’ मॅडम, त्यातून खरंच काही वेगळं मिळतं का?

तुमचे सीनिअर अर्धं खरं बोलतायत. प्रोब, म्हणजे छातीवर टेकवायचं ते हातातलं उपकरण, धरायला डिग्री लागत नाहीच. पण स्क्रीनवर आलेला आकडा खरा मानायचा की नाही, हे ठरवायला अभ्यास लागतो आणि तो रोजच्या कामाच्या रेट्यात होत नाही. बाहेर बाकड्यावर रुग्ण ताटकळलेले असताना कोण विचार करत बसणार?

ॲओर्टिक झडप अरुंद झालेला एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. तुम्ही त्याला डाव्या कुशीवर घेतलं, ॲपिकल विंडोतून, म्हणजे हृदयाच्या टोकाजवळच्या बरगड्यांमधल्या फटीतून, कंटिन्युअस वेव्ह डॉपलर (सतत आवाज सोडून रक्ताचा वेग मोजणारा) लावला, वेग आला सेकंदाला 3.6 मीटर. मशीनने वेगाचा वर्ग करून चारने गुणलं आणि ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक, दाखवला 52. झडपेचा आजार ‘तीव्र’ म्हणायला वेग 4 किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणून रिपोर्टात ‘मध्यम’ लिहिलं, रुग्ण घरी. आता त्याच रुग्णाला उजव्या कुशीवर वळवा, छोटा पेन्सिल प्रोब घ्या, ज्यात चित्र दिसतच नाही, फक्त आवाज आणि आलेख, आणि छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला तो शोधत फिरवा. वेग येतो 4.3. ग्रेडियंट 74. रुग्ण तोच, झडप तीच, पण आता चर्चा झडप बदलण्याची.

कारण साधं आहे. डॉपलरला रक्ताचा वेग फक्त किरणाच्या रेषेत दिसतो. प्रवाह तिरका असेल तर आकडा कमीच येतो, कोनामुळे तो कधी जास्त येत नाही. कोन 20 अंशांच्या आत असेल तर चूक सहा टक्क्यांच्या आसपास राहते, त्यापुढे ती झपाट्याने वाढते, आणि ग्रेडियंटमध्ये वेगाचा वर्ग असल्यामुळे तिथे ती आणखी फुगते. ‘उजवीकडूनही बघायचं असतं’ एवढं हात बसलेल्या माणसाला ठाऊक असतं. पण ते ‘वेळ मिळाला तर’ बघायचं नसतं, बघायचंच असतं, ही खात्री कारण कळल्यावर येते.

पुढची पायरी याहून अवघड. झडपेचं क्षेत्रफळ काढायला तुम्ही एलव्हीओटीचा, म्हणजे झडपेच्या लगेच अलीकडे डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडण्याच्या वाटेचा, व्यास मोजता. समजा 2.0 सेंटीमीटर आला. तिथला व्हीटीआय, म्हणजे एका ठोक्यात रक्त जितकं अंतर कापतं ते, 20 सेंटीमीटर, झडपेवरचा 80. क्षेत्रफळ येतं जेमतेम 0.79 चौरस सेंटीमीटर, म्हणजे तीव्र. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तोच व्यास 2.3 मोजला, बाकी सगळं तेच, तर क्षेत्रफळ 1.04, म्हणजे 1.0 च्या सीमारेषेपलीकडे. कॅलिपरची टोकं तीन मिलिमीटर इकडची तिकडे झाली आणि निदानाचा शब्द बदलला. व्यासाचाही वर्ग होतो ना! बरं, हे भोक गोल आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते बहुतेकांत लंबगोल असतं. सीटीमध्ये मोजलं तर मोठं येतं.

आणि मग तो रुग्ण येतो ज्याचं क्षेत्रफळ 0.8 आहे, पण सरासरी ग्रेडियंट फक्त 28. दोन्ही आकडे एकमेकांशी भांडतायत. व्यास चुकला? वेग नीट पकडला नाही? की रक्तच कमी बाहेर पडतंय, शरीराच्या आकारमानाच्या हिशेबात ठोक्याला 35 मिलिलिटरपेक्षा कमी, म्हणून झडप खरोखर खराब असूनही ग्रेडियंट चढत नाही? डोब्युटामिन इको (हृदयाला जोर देणारं औषध देऊन केलेला) करायचा, की सीटीवर कॅल्शियम मोजायचं? चांगल्या अभ्यासक्रमात अख्खी दुपार या एका रुग्णावर वादावादीत जाते. ती दुपार तुम्हाला कामावर मिळत नाही. मिळतं वेगळं ते हेच.

मात्र नुसती पाठ्यपुस्तकाची घोकंपट्टी दुसऱ्यांदा करून घेणारे अभ्यासक्रमही आहेत, आणि त्यांच्याबाबतीत तुमच्या सीनिअरचं पूर्ण खरं आहे. प्रवेशाआधी विचारा: कुणीतरी शेजारी उभं असताना किती तास स्कॅनिंग होतं? माझ्या तपासण्या कुणी पुन्हा वाचतं का? इकोतले निष्कर्ष कॅथलॅब, सीटी किंवा ऑपरेशनमध्ये दिसलेल्या गोष्टींशी ताडून बघतात का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा गडबडला, तर फी भरू नका.

प्रश्न: शाळेनंतर गणिताशी संबंध तुटला. अल्ट्रासाउंड फिजिक्सचा पेपर बघून छातीत धडकी भरते. निभावेल का?

निभावेल. लागणारं गणित वहीच्या एका पानावर मावतं. फक्त ते पान पाठ करून उपयोग नाही, कारण परीक्षक आकडे बदलतो.

एकच धागा पकडून बघा. शरीराच्या मऊ ऊतींमध्ये आवाज सेकंदाला साधारण 1540 मीटर जातो. 15 सेंटीमीटर खोल जाऊन परत यायचं म्हणजे 30 सेंटीमीटरचा प्रवास, जवळजवळ 195 मायक्रोसेकंद. तो प्रतिध्वनी परत येईपर्यंत पल्स्ड डॉपलरला, म्हणजे थांबून थांबून स्पंद सोडणाऱ्या डॉपलरला, पुढचा स्पंद सोडता येत नाही. म्हणजे सेकंदाला फार तर 5100 स्पंद. त्याच्या निम्म्याहून मोठा डॉपलर फरक, म्हणजे रक्तावर आपटून परतलेल्या आवाजाच्या फ्रीक्वेन्सीत पडलेला फरक, मशीनला धड ओळखता येत नाही. मग आलेखाचं टोक कापलं जाऊन खालून उगवतं आणि कलर डॉपलरमध्ये लाल एकदम निळा होतो. हेच एलियासिंग. आता तुम्हीच सांगा, काय कराल? खोली कमी कराल, बेसलाइन (आलेखावरची शून्याची रेषा) सरकवाल, कमी फ्रीक्वेन्सी घ्याल किंवा कंटिन्युअस वेव्हकडे जाल, जिथे वेगाला अशी मर्यादा नाही, पण तो वेग नेमका किती खोलीवरचा, हे कळत नाही. ज्याला हे उमजलं तो एक बटण फिरवतो. ज्याला नाही तो सगळी बटणं फिरवतो. (आणि गेन, म्हणजे चित्र उजळवायचं बटण, वाढवतो. गेन का वाढवतात सगळे, देव जाणे. खोलीतले दिवे आधी मंद करा!)

फिजिक्सला परकं मानू नका, या विषयाचा जन्मच तिथला आहे. 1953 साली स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर या हृदयरोगतज्ज्ञाने कार्ल हेल्मुथ हेर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाला गाठलं, आणि दोघांनी धातूमधल्या भेगा शोधायचं एक यंत्र जवळच्या माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यातून उसनं आणून छातीवर लावलं. तुम्ही रोज वापरता ते ‘चार गुणिले वेगाचा वर्ग’ 1970 च्या दशकात रुळलं, त्यात नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइमच्या लिव हाटले आणि ब्योर्न आंगेलसेन यांचा मोठा वाटा. त्याआधी झडपेवरचा ग्रेडियंट हवा तर हृदयात कॅथेटर घालावा लागायचा. हे सूत्र प्रवाहाचा वेग आणि दाब यांची सांगड घालणाऱ्या बर्नूलीच्या मोठ्या समीकरणातल्या बऱ्याच गोष्टी गाळून आलंय. गाळलेलं कधी परत घ्यायचं तेवढं लक्षात ठेवा: झडपेच्या अलीकडचाच वेग 1.5 मीटरच्या वर असेल, तर त्याचा वर्ग वजा केल्याशिवाय ग्रेडियंट खोटा मोठा येतो. यावर प्रश्न हमखास येतो.

प्रश्न: पदव्युत्तर पदवी झाल्यावर मी स्वतः रिपोर्टवर सही करू शकेन का?

देशागणिक वेगळं. ब्रिटनमध्ये अनुभवी, ब्रिटिश सोसायटी ऑफ एकोकार्डिओग्राफीची मान्यता असलेले तंत्रज्ञ आणि वैज्ञानिक स्वतः रिपोर्ट करतात. अमेरिकेत सोनोग्राफर निरीक्षणं लिहितो, अंतिम सही डॉक्टरची. तिथे नोकरीला पदवीइतकंच एआरडीएमएस किंवा सीसीआय या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचं प्रमाणपत्र विचारलं जातं. पदवी आणि व्यावसायिक प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीने दुसरी आपोआप मिळत नाही. जिथे काम करायचंय तिथला नियम आधी वाचा, मग कॉलेज निवडा. लोक नेमकं उलट करतात.

प्रश्न: आतापासूनच उजवा खांदा दुखतो. अशात आणखी शिकावं की क्षेत्र बदलावं?

आधी खांदा दाखवून या. दुखणं अंगावर काढत स्कॅन करणं ही या धंद्यातली जुनी खोड आहे आणि त्यापायी चांगली चांगली माणसं काम सोडून गेलीत.

मग स्वतःकडे बघा. रुग्ण टेबलाच्या पलीकडच्या कडेला आणि तुम्ही हात लांब करून त्याच्यावरून ओणवे, असं होतंय का? रुग्णाला आपल्याकडे सरकायला सांगा, लाज वाटून घेऊ नका. दंड शरीरापासून 30 अंशांपेक्षा फार बाहेर जाता कामा नये. कोपर टेबलावर किंवा उशीवर टेकवा. प्रोबची केबल लोंबकळत ठेवली तर तिचं सगळं ओझं मनगटावर येतं, तिला आधार द्या. प्रोब आवळून धरू नका. खोल श्वास सोडायला लावल्यावर जी विंडो उघडते, ती बोटं दाबून उघडत नाही. डाव्या हाताने स्कॅन करायलाही शिका. सुरुवातीला वेड्यासारखं वाटतं, पण पुढे दोन्ही हातांवर काम वाटून घेता येतं.

शिकायचं म्हणाल, तर खांदा दुखणाऱ्याने जरूर शिकावं. पदव्युत्तर शिक्षणानंतर शिकवणं, तपासण्यांचा दर्जा तपासणं, संशोधनातल्या इमेजेस वाचणं अशी कामं मिळू शकतात, त्यात दिवसभर हात हवेत नसतो.

प्रश्न: प्रबंधाचा विषय ठरवायचाय. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेने मोजलेला इजेक्शन फ्रॅक्शन आणि माणसाने मोजलेला’ असा डोक्यात आहे. गाइड म्हणतात, कोरिलेशन काढ, झालं. एवढं पुरेसं आहे?

विषय चांगला. (इजेक्शन फ्रॅक्शन, थोडक्यात ईएफ, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं ते.) ‘कोरिलेशन काढ, झालं’ हे मात्र नाही.

समजा सॉफ्टवेअर प्रत्येक रुग्णात तुमच्यापेक्षा बरोबर आठ अंकांनी जास्त सांगतं. तुम्ही 42 म्हणालात की ते 50, तुम्ही 50 म्हणालात की ते 58. कोरिलेशन, म्हणजे दोन आकडे बरोबरीने वर-खाली होतात का याचं माप, येईल चोख 1. प्रबंधात लिहाल ‘उत्तम संबंध’. आणि तिकडे अशक्त हृदयाचा रुग्ण बऱ्यापैकी धडधाकट ठरलेला! दोन पद्धतींचं जमतं का, हे बघायला ब्लँड आणि ऑल्टमन यांची पद्धत वापरा, 1986 पासून ती याच कामासाठी वापरात आहे. प्रत्येक रुग्णात दोन मोजमापांतला फरक काढा, तो दोघांच्या सरासरीसमोर मांडा, फरकांची सरासरी आणि त्यांचा पसारा बघा. पसारा किती चालेल हे आकडेशास्त्र सांगत नाही, ते तुम्ही आधी ठरवायचं. कॅन्सरच्या औषधांवर असलेल्या रुग्णात ईएफ दहा अंकांनी घसरला की डॉक्टर सावध होतात. तुमच्या पद्धतीचा पसाराच उणे-अधिक दहा असेल, तर ती घसरण दिसणार कशी? अशा रुग्णांत ग्लोबल स्ट्रेनही, म्हणजे हृदयाचा स्नायू किती टक्के आखडतो तो आकडाही, बघतात ते याचसाठी. मूळ आकड्याच्या 15 टक्क्यांहून जास्त घट झाली तर ती दखल घेण्याजोगी मानतात. पण स्ट्रेन मोजायचा तर दर वेळी त्याच कंपनीच्या मशीनवर, नाहीतर औषधाऐवजी सॉफ्टवेअरचाच फरक मोजाल.

आता जिथे बहुतेक प्रबंध ढेपाळतात ती जागा. विद्यार्थी एकच साठवलेली क्लिप घेतात, ती आज मोजतात, पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजतात आणि ‘पुनरावृत्तीत फरक नगण्य’ असं लिहून मोकळे होतात. अहो, क्लिप तीच असल्यावर फरक कुठून येणार? खरा घोळ क्लिप घेताना होतो. प्रोब एक बरगडी वर राहिला की डावा कप्पा आखूड दिसतो, टोक गोलमटोल होऊन जोरात आकुंचन पावल्यासारखं वाटतं, आणि ईएफ उगाच चांगला येतो. सॉफ्टवेअर ही आखूड इमेजसुद्धा तितक्याच आत्मविश्वासाने मोजतं. म्हणून माझी सूचना: विषय थोडा वळवा. एकाच रुग्णाचा इको, थोड्या वेळाच्या अंतराने, दोन वेगळ्या सोनोग्राफरनी स्वतंत्रपणे करावा, एकाने दुसऱ्याचा आकडा बघू नये, आणि दोन्ही संच माणूस आणि सॉफ्टवेअर दोघांनीही मोजावेत. मग सांगता येईल की फरक मोजण्यात पडतो की इमेज घेण्यात. रुग्ण कमी लागले तरी चालतील, पण ज्यांच्या इमेजेस खराब येतात त्यांना वगळू नका. त्यांना वगळलं की सॉफ्टवेअर पास होणारच.

गाइडशी वाद घालू नका. मोजमापाची पद्धत एका पानावर लिहा: कोणती विंडो, किती ठोक्यांची सरासरी, लय अनियमित असेल तर काय, कोण कुणाचा आकडा बघणार नाही. पहिला रुग्ण टेबलावर घ्यायच्या आधी त्या पानावर त्यांची सही घ्या आणि संख्याशास्त्राच्या शिक्षकांना ते पान दाखवून या. कोरिलेशनचा आलेखही शेवटी जोडा, गाइडना बरं वाटेल.