स्विफ्टच्या अतिनील वर्णपटातल्या सगळ्या रेषा सारख्याच सरकल्या असतील, तर तो डॉप्लर परिणाम असतो का?

तुम्ही स्विफ्ट या अवकाश दुर्बिणीवरच्या यूव्हॉट या अतिनील-दृश्य कॅमेऱ्याने घेतलेल्या ग्रिझम (प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवणारा घटक) प्रतिमेतून एका नोव्हाचा, म्हणजे स्फोटाने अचानक उजळलेल्या ताऱ्याचा, वर्णपट काढलात. 1909 अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक) कार्बनची आणि 2800 ची मॅग्नेशियमची, दोन्ही रेषा साधारण 30 अँगस्ट्रॉम लाल बाजूला, म्हणजे लांब तरंगलांबीकडे, आल्या. हा डॉप्लर परिणाम, म्हणजे द्रव्याच्या वेगामुळे आलेली सरक, समजायचा का, असं विचारलंय.

माझ्या मते नाही. आधी ताऱ्याचे निर्देशांक, म्हणजे त्याचं आकाशातलं स्थान सांगणारे आकडे, तपासा.

2800 वर 30 अँगस्ट्रॉम म्हणजे सेकंदाला जवळपास 3200 किलोमीटर. नोव्हातून उडालेलं द्रव्य अशा वेगाने धावू शकतं, त्यामुळे आकडा पटतो आणि तिथेच फसगत होते. पण डॉप्लरची सरक तरंगलांबीच्या प्रमाणात असते. त्याच वेगाला 1909 वर 20 अँगस्ट्रॉमच यायला हवेत. तुमच्याकडे दोन्ही ठिकाणी जवळपास सारखीच सरक आहे, म्हणजे अख्खी मोजपट्टीच हलली आहे.

ती का हलते? या ग्रिझमपुढे फट नसते आणि तुलनेसाठी दिवाही नसतो. तारा दृश्यात जिथे असेल, त्यानुसार त्याचा वर्णपट डिटेक्टरवर पुढेमागे पडतो. आमच्या अंबाबाईच्या किरणोत्सवात हेच दिसतं. परंपरेने 9 नोव्हेंबरला मावळतीची किरणं देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर येतात. देऊळ तेच, महाद्वार तेच. सूर्याची दिशा तेवढी किंचित बदललेली असते. म्हणून 2600 अँगस्ट्रॉम नेमके कुठल्या पिक्सेलवर पडले, तो आधारबिंदू सॉफ्टवेअर ताऱ्याच्या स्थानावरूनच ठरवतं. तिथे एक पिक्सेल म्हणजे सुमारे 3 अँगस्ट्रॉम आणि आकाशात साधारण अर्धा आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). हिशोब करा: तुमचे 30 अँगस्ट्रॉम म्हणजे फक्त 5 आर्कसेकंदांची चूक.

मी स्वतः हीच चूक केली आहे. विषुवांशाचे (आकाशातल्या रेखांशासारखा, तास-मिनिट-सेकंदांत लिहिला जाणारा निर्देशांक) सेकंद लिहिताना दशांश गाळला होता. विषुवांशाचा 1 सेकंद विषुववृत्ताजवळ 15 आर्कसेकंदांचा असतो, म्हणजे नुसत्या त्या दशांशापायी माझा वर्णपट कितीतरी सरकला. तीन आठवडे मी ताऱ्याभोवतीच्या वाऱ्याचा वेग काढत बसलो होतो. आता कोल्हापुरात बी.एस्सी.च्या मुलांना शिकवताना निर्देशांक दशांशासकट फळ्यावर लिहून घेतो. ताऱ्याची आकाशातली स्वतःची गती जास्त असेल, तर यादीतलं 2000 सालचं स्थान निरीक्षणाच्या तारखेपर्यंत पुढे आणावं लागतं, तेही विसरू नका.

निर्देशांक बरोबर निघाले, तर त्याच फेरीत ग्रिझमच्या लगेच आधी किंवा नंतर साध्या फिल्टरमधून घेतलेली प्रतिमा आहे का ते पाहा. ती असेल तर आधारबिंदू बराच भरवशाचा मिळतो. नसेल, तर शेजारच्या ताऱ्यांच्या झिरो ऑर्डरच्या ठिपक्यांवरून (ग्रिझममधून जवळपास न पसरता आलेला प्रकाश) दुर्बिणीची दिशा ठरवावी लागते आणि तिथे चूक वाढते. शेवटी उरलेली सरक ओळखीच्या रेषांवरून हाताने काढा, पण ती पिक्सेलमध्ये मोजा. एका पिक्सेलमागे किती अँगस्ट्रॉम, हे सगळीकडे सारखं नसल्याने अँगस्ट्रॉममधली सरक थोडी कमीजास्त दिसते. ग्रिझम एकाच ताऱ्याचे एकाहून जास्त वर्णपट पाडतो, त्यांना ऑर्डर म्हणतात; लांब तरंगलांब्यांकडे दुसरी ऑर्डर पहिलीवर, म्हणजे आपल्या मुख्य वर्णपटावर, चढते, तिथल्या रेषा यासाठी नको.

हे सगळं जमलं तरी या वर्णपटातून नोव्हाच्या वेगाचा नेमका आकडा मांडू नका. 2600 जवळ या ग्रिझमची विभेदनक्षमता (तरंगलांबी भागिले वेगळा ओळखता येणारा सर्वांत लहान फरक) सुमारे 75 आहे, म्हणजे सेकंदाला 4000 किलोमीटर एवढी जाड पट्टी. रेषा कुठल्या, त्यांची तीव्रता दिवसागणिक कशी बदलते, हे मात्र त्यातून छान कळतं.