हिरवा दिवा लागला, पण भार अजून जोडीदारावरच

प्रश्न : आक्का, नमस्कार. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत संगणक विभाग बघतो. आमच्या स्टोरेजमध्ये डिस्क सांभाळणारे दोन कंट्रोलर बोर्ड आहेत, त्यातला एक गेला. सर्व्हिस इंजिनिअर बंगळुरूहून नवा घेऊन आला, बसवला आणि हिरवा दिवा बघून रात्रीच्या गाडीने परत गेला. कन्सोलवर 'वेटिंग फॉर गिव्हबॅक' असं येऊन थांबलंय. साहेब म्हणतात, काम झालं, रजिस्टरला लिहून टाक. मी म्हणतो, रविवारपर्यंत हात लावू नये, कारण पावसामुळे लाईट सारखी जाते आणि जनरेटरवर जावं लागतं. कोणाचं बरोबर? जुना बोर्ड परत पाठवायचाय, त्यात काही बघावं लागतं का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : साहेबांचं मला पटत नाही, आणि तुमचं रविवारपर्यंत थांबणंही पटत नाही. हिरवा दिवा फार तर एवढंच सांगतो की बोर्डाला वीज मिळाली आणि त्याची स्वतःची तपासणी पार पडली. जोडीदार कंट्रोलरने याच्या डिस्क परत द्याव्यात (हेच गिव्हबॅक) म्हणून हा बोर्ड ताटकळत बसलाय. तोवर तुमची ड्रॉइंग, ईआरपी (कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर), सगळं त्या एकट्या जोडीदारावर. एरवी डिस्कवर जाण्याआधी प्रत्येक नोंद दोन्ही कंट्रोलरच्या बॅटरीवाल्या मेमरीत जाते. आत्ता दुसरीकडची प्रत होतच नाही. लाईट सारखी जाते, हे थांबण्याचं कारण नव्हे, उरकून घेण्याचं कारण आहे. पाळी बदलताना काम कमी असतं. बॅकअप चालू नसेल अशी वेळ आज-उद्यात धरा.

पण त्याआधी नव्या बोर्डाचं घड्याळ बघा. यावर मी हटून बसते. गोदामातून आलेल्या बोर्डाची वेळ कशीही असू शकते, आणि बूट होण्याआधीच्या प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करायच्या ओळीवर) ती जीएमटीत द्यायची असते. भिंतीवरच्या घड्याळात रात्रीचे ९ वाजले असतील तर तिथे १५:३० यायला हवं. माणसं सवयीने २१:०० टाकून मोकळी होतात. यंत्र साडेपाच तास पुढे गेलं की विंडोज डोमेनचं लॉगिन अडतं, कारण त्यातली ओळख तपासणारी कर्बेरोस पद्धत मूळ सेटिंगप्रमाणे ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. डिस्क ठीक, केबल ठीक, आणि तरी शॉपवरच्या पीसीला ड्रॉइंगचं फोल्डर उघडत नाही! इंजिनिअरला फोन करून वेळ तपासली होती का ते विचारा. तो अडखळला तर बोर्ड पुन्हा त्या प्रॉम्प्टवर आणून स्वतः बघा. भार जोडीदारावर आहे तोवर नवा बोर्ड परत सुरू केला तरी कुणाचं काही अडत नाही.

डिस्कची मालकीही बघून घ्या. डिस्कवर जुन्या बोर्डाचा सिस्टिम आयडी असतो. नवा बोर्ड पहिल्यांदा उठताना आयडी जुळत नाही म्हणून विचारतो आणि त्याला हो म्हणावं लागतं. जोडीदाराच्या कन्सोलवर जुना आणि नवा असे दोन्ही आयडी दिसतील. नवा आकडा बोर्डाच्या आयडीशी अंकन्अंक ताडून बघा.

मग रॅकच्या मागे जा. जोडीदाराकडे गेलेले नेटवर्क पत्ते गिव्हबॅकनंतर आपापल्या मूळ पोर्टवर परत येतात. बोर्ड काढताना केबलींना चिठ्ठ्या लावल्या नसतील तर एखादी शेजारच्या पोर्टात बसलेली असू शकते. लिंकचा दिवा लागतो, पण व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा) दुसराच, आणि त्या पत्त्यावरची सेवा बंद. स्विचवर एकेक पोर्ट बघा. सर्व्हरवरूनही बघा : लिनक्स असेल तर मल्टिपाथच्या (सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंतच्या मार्गांच्या) यादीत जोडीदाराकडचे सगळे मार्ग आत्ता चालू हवेत, आणि गिव्हबॅकनंतर नव्याकडचेही परत यायला हवेत.

गिव्हबॅक दिल्यावर आधी नव्या कंट्रोलरचा रूट अॅग्रिगेट (त्याच्या स्वतःच्या सिस्टिमचा डिस्कचा गट) जातो, मग डेटाचे एकामागून एक. मध्येच यंत्र नकार देऊ शकतं, कुणाची फाइल उघडी आहे म्हणून. तो नकार डावलायचा पर्याय असतो, पण कृपा करून तो वापरू नका. फाइल कुणाची ते शोधा आणि शॉपवर फोन करा. त्यापेक्षा आदल्या पाळीलाच मराठी आणि कन्नड दोन्हीत सूचना लावा की अमुक वेळेला फाइल सेव्ह करून बाहेर या. तुमच्याकडे दोन्ही भाषांची माणसं असणार, आणि उघड्या फाइलवर काम गेलं तर त्यांचंच जाणार.

सगळं परत गेलं की एकही पत्ता परक्या पोर्टवर राहिलेला नाही ना ते बघा. राहिला असेल तर हाताने मूळ जागी आणा. बोर्ड बदलण्याआधी ऑटो गिव्हबॅक बंद केलेलं असतं, ते चालू करा. लायसन्स सिरियल नंबरला बांधलेलं असेल तर नव्या नंबरचं मागवा, आणि सपोर्टच्या करारातही तोच नंबर घालून घ्या. पुढच्या खेपेला पार्ट मागवताना जुना नंबर सांगितला तर तिथेच अर्धा दिवस जातो, आणि बंगळुरू इथून ५०० किलोमीटर आहे. एवढं झालं की रजिस्टरला लिहा, वेळेसकट.

जुन्या बोर्डाबद्दल विचारलंत, बरं केलंत. त्यातली एसएफपी (पोर्टात बसणारे, केबल जोडायचे छोटे तुकडे) काढून घेतली का ते बघा. बहुतेक वेळा नव्या बोर्डाबरोबर ती येत नाहीत. जुन्यातलीच लावायची असतात, आणि घाईत एखादं तसंच खोक्यात जातं. बूटचं कार्ड आणि मेमरीची बॅटरी नव्यात हलवायची की जुन्यातच ठेवायची, हे मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून परतीच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा. डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या असतील तर किल्ल्या कुठे साठवल्यात हे विचारल्याशिवाय बोर्ड बाहेर सोडू नका. नवा ज्या अँटिस्टॅटिक पिशवीतून आला तीच जुन्याला वापरा, परतीचा क्रमांक खोक्यावर बाहेरून लिहा आणि कुरिअरची पावती केसच्या फाइलला लावून ठेवा.